टिंबमामा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या मामांचे. सख्खे मामा नाहीत. आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. निघोजेच्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये ते सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे सेटर आहेत, राहायला रहाटणीत. इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी त्यांच्या दीड खोलीत काढली. त्या काळात माझ्यामुळे त्यांना एक नाव मिळालं, टिंबमामा. कॉलेजातल्या मुलांनी आपल्याला हे नाव मानाने दिलं, असं ते आजही समजतात. ते मानाने दिलेलं नव्हतं. हे त्यांना सांगायचं मी सात वर्षं टाळलं, कारण सांगितल्यावर त्यांच्या मनात माझी काय किंमत उरेल याची मला भीती होती. काल पत्र पाठवलं. ते शेवटी देतो. आधी जे घडलं ते.

माझं शिक्षण बारावीपर्यंत तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत झालं. वडील शिंपी. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. प्रवेशाच्या फेऱ्या सगळ्या ऑनलाइन, आणि कुठलं कॉलेज कितव्या क्रमांकावर टाकायचं हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. मामांनी शेडच्या मालकाच्या मुलाला विचारलं, क्वालिटीतल्या साहेबांना विचारलं, चहाच्या टपरीवर ज्याचं ज्याचं पोरगं इंजिनिअर झालंय त्याला त्याला विचारलं आणि सगळं एका वहीत उतरवून घेतलं. आकुर्डीच्या बाजूच्या कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला. वडिलांनी फोनवर विचारलं, पोराच्या राहण्याची काय सोय करायची? मामा म्हणाले, "सोय कशाला पाहिजे, घर हाय की."

घरात मामा, मामी, चौथीत शिकणारी त्यांची मुलगी, जिला घरात सगळे ताई म्हणायचे, आणि मी. रविवारी दुपारी मामा दळण घेऊन गिरणीत निघाले की पिशवी मी धरायचो. खिडकी एकच होती. तिच्याखालची जागा मला मिळाली, आणि मुलगी त्या दिवसापासून ओट्याजवळ वही घेऊन बसायला लागली. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मामा दहावी आणि पुढे आयटीआय. पण मशीनचा प्रोग्रॅम ते कागदावर हाताने लिहायचे. कुठलं टूल घ्यायचं, किती व्यासापर्यंत कापायचं, किती लांब जायचं, हे मशीनला ओळीओळीने सांगायचं असतं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत ते मला शेडवर घेऊन गेले. कॉलेजात प्रोग्रॅमिंगचा विषय इंग्रजीतून चालायचा आणि माझ्या डोक्यावरून जायचा. मामांनी सेटअप शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सात ओळी लिहिल्या, मशीनमध्ये भरल्या आणि जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, न लावता टूल नुसतं हवेत चालवून दाखवलं. मी कागदावर एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो, आणि टूल माझ्या बोटाबरोबर चालत गेलं. त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही, पण घाबरणं संपलं. पुढे कॉलेजातला प्रत्येक प्रोग्रॅम मी आधी कागदावर बोटाने चालवायचो, मग कॉम्प्युटरला हात लावायचो.

मामांचा एकच हट्ट होता. आकड्यापुढे टिंब. शेडमध्ये सगळे पॉइंट म्हणायचे, मामा टिंब म्हणायचे. त्यांच्या मशिनांवर नुसतं चाळीस लिहिलं तर मशीन ते चाळीस मायक्रॉन समजतं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. चाळीसपुढे टिंब दिलं तरच ते चाळीस मिलिमीटर. एकदा एक नवा ऑपरेटर टिंब विसरला, आणि चाळीसच्या व्यासावर थांबायचं टूल जॉबच्या पार मधोमध घुसलं. जॉब त्याला धरणाऱ्या चकमधून सुटून दारावर आदळला. काच तडकली, माणूस वाचला. तेव्हापासून मामा गरज असो नसो, टिंब द्यायचे. घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या पिशव्या लिहितानासुद्धा दोन आणि पुढे टिंब. मामी विचारायच्या, नाहीतर काय दूधवाला मायक्रॉनमध्ये दूध घालणार आहे? मामा हसायचे आणि टिंब तसंच ठेवायचे. माझ्या हातालाही तेच वळण लागलं.

तिसऱ्या वर्षी मला कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगच्या टीममध्ये घेतलं. घेतलं म्हणजे भरलं. तीन जणांची टीम असते. आमच्या टीमचा कॅप्टन निगडी प्राधिकरणातला, शाळेपासून या स्पर्धा खेळलेला. दुसरी एक मुलगी, पिंपळे सौदागरच्या जुन्या शेतकरी घराण्यातली, आमच्या वर्गात सगळ्यात हुशार. तिसरा कॅप्टनचा शाळासोबती होता. त्याची हजेरी कमी भरली, म्हणून टीम बघणाऱ्या सरांनी त्याला विद्यापीठातल्या स्पर्धेपुरतं बाजूला ठेवलं आणि माझं नाव टाकलं. विद्यापीठातल्या स्पर्धेतून निवडलेल्या टीम पुढच्या फेरीला परराज्यात जाणार होत्या, आणि त्याआधी टीममधलं एक नाव बदलता येत होतं. सरांनी आम्हाला तोंडावर सांगितलं की तिसऱ्या खुर्चीवर मी राहायचं की जुन्याने परत यायचं, हे विद्यापीठातला खेळ बघून ठरेल.

पुढच्या फेरीत गेलेल्यांना कंपन्या थेट मुलाखतीला बोलावतात असं सगळे सांगत. खरं सांगायचं तर मला तेवढंही नको होतं. त्या तीन खुर्च्यांपैकी एक आपली आहे, एवढंच मला हवं होतं. फार हवं होतं.

कॅप्टनने मला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली नाही. सुट्टीत मी शेडवर जातो हे कळल्यावर त्याने माझं नाव 'वर्कशॉप' ठेवलं. वर्कशॉप, प्रिंट आण. वर्कशॉप, खुर्ची सरकव. सराव करताना मला कळू नये असं काही असलं की तो त्या मुलीशी इंग्रजीत बोलायचा. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण तोवर समजायला सगळं लागलं होतं. त्यामुळे माझ्यासमोर माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते सगळं मी ऐकलं. मुलगी त्याच्या बोलण्याला दुजोरा द्यायची नाही, पण माझ्याशीही बोलायची नाही. तिच्या लेखी मी हजेरीच्या नियमाने झालेली अडचण होतो. मी त्या दोघांचा द्वेष करायचो आणि त्यांना पाणी आणून द्यायचो.

स्पर्धेचा हॉल एसीने गार पडला होता. फोन दारात काढून घेतले. पाच तास, दहा-बारा प्रॉब्लेम, आणि तिघांत मिळून एकच कॉम्प्युटर. प्रॉब्लेम सुटला की स्वयंसेवक येऊन टेबलाला एक फुगा बांधतो, म्हणून सगळ्या हॉलला दिसतं की कोण पुढे आहे. उत्तर चुकीचं पाठवलं तर फुगा नाही, आणि तो प्रॉब्लेम पुढे सुटला की प्रत्येक चुकीमागे वीस मिनिटं आपल्या वेळेत वाढतात. बरोबरी झाली तर ज्याची मिनिटं जास्त तो खाली.

पहिला प्रॉब्लेम कॅप्टनने सोडवला, दुसरा मुलीने. तिसऱ्यावर कॅप्टन अडकला. मी म्हणालो, मला जमेल. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, कागद माझ्याकडे ढकलला. एका लांब रस्त्यावर अमुक इतके टप्पे, दर वेळी दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची आणि मधला टप्पा शोधत जायचं, असा तो प्रॉब्लेम होता. मी कागदावर लिहिला, बोटाने चालवला, बरोबर आला. मग टाइप केला. निम्मं करताना दोनाने भागलं, आणि हाताने आपोआप दोनापुढे टिंब दिलं.

शेडमध्ये त्या टिंबाने माणूस वाचतो. इथे त्याचा अर्थ वेगळा होता. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आकड्यापुढे टिंब आलं की कॉम्प्युटर हिशोब दशांशात करतो, आणि दशांशात पंधरा-सोळा अंकांच्या पुढचे अंक गळून पडतात. प्रॉब्लेमसोबत दिलेल्या नमुन्याचे आकडे लहान होते, तिथे सगळं बरोबर यायचं. परीक्षकांचे आकडे अठरा अंकी होते.

उत्तर पाठवलं. चूक. पुन्हा कागदावर चालवलं, बरोबर आलं. एक ओळ बदलून पाठवलं. चूक. शेजारच्या टेबलावर चौथा फुगा आला. कॅप्टन माझ्या खुर्चीमागे उभा राहून टेबलावर पेन आपटत होता. तिसऱ्यांदा चूक आली तेव्हा तो म्हणाला, "ऊठ."

मी उठलो नाही. मला वाटलं आता उठलो तर पुन्हा कधी बसणार नाही. मी चौथ्यांदा पाठवलं. चूक. कॅप्टनने माझ्या खुर्चीची पाठ धरून ती मागे ओढली, मी तिच्यात बसलेला असताना. परीक्षकांपैकी एक बाई आमच्याकडे बघायला लागल्या, म्हणून त्याने आवाज खाली आणला. "ऐंशी मिनिटं, वर्कशॉप. हे तुझं शेड नाही, इथे भंगार परत वितळवून मिळत नाही."

मुलीने माझ्या प्रोग्रॅमचा छापलेला कागद घेतला आणि जमिनीवर मांडी घालून वाचायला बसली. तो कागद मीही दहा वेळा वाचला होता. माझ्या डोळ्यांना ते टिंब बरोबरच दिसत होतं. ती अर्ध्या तासाने उठली आणि त्या ओळीवर नख ठेवून मला विचारलं, "हे टिंब कुणी दिलं?"

"मी."

"कशाला?"

तिने की-बोर्ड ओढला, टिंब काढलं, पाठवलं. बरोबर. पिवळा फुगा आला. कॅप्टनने तो बांधू दिला नाही, टेबलाखाली ठेवायला सांगितला.

आम्ही निवड झालेल्या टीममध्ये शेवटून दुसरे आलो. नाव वाचलं गेलं, पण आमच्यापैकी कुणी हसलं नाही. ती दोघं कॅप्टनच्या घरच्या गाडीने गेली. मी बसने कासारवाडीपर्यंत आलो आणि तिथून बस न बदलता रहाटणीपर्यंत चालत गेलो, घरी जरा उशिरा पोचावं म्हणून. मामा माझी वाट बघत जेवायचे थांबले होते. तिसरं गणित माझं होतं, निवड झाली, एवढंच मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "टिंबं दिलीस का नीट?" मी म्हणालो, दिली.

सोमवारी सरांनी बोलावलं. केबिनमध्ये सर, कॅप्टन, मुलगी, मी, आणि कॅप्टनचा तो बाजूला ठेवलेला शाळासोबतीही. तो मांडीवर बॅग घेऊन खुर्चीत बसला होता, आम्ही उभे होतो. सरांच्या पुढ्यात स्पर्धेचा तक्ता होता. कोणी कधी काय पाठवलं ते सगळं त्यात असतं. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, तिसऱ्या प्रॉब्लेमला चार चुका, ऐंशी मिनिटं, ही कुणाची? कॅप्टन म्हणाला, "सर, त्यालाच विचारा. दोनापुढे टिंब दिलंय."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने पूर्णांकापुढे टिंब का द्यावं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. सवय आहे सर, चूक झाली, असं म्हणता आलं असतं. तेवढं पुरलं असतं की नाही माहीत नाही. बॅगवाला माझ्याकडे बघून हसत होता, आणि मला दिसलं की खुर्ची गेली. तेव्हा मी बोललो. काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण नंतर मी ते पुष्कळ वेळा पुन्हा बोललो.

"सर, मी ज्यांच्याकडे राहतो ते एक अडाणी ऑपरेटर आहेत. कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण शिकवायची फार हौस. दुधाच्या पिशवीलापण टिंब देतात." आणि मग मी मामांचा आवाज काढला, आमच्याकडचा हेल लावून, हात ते धरतात तसा कमरेवर धरून: "टिंब दे लेका, मशीनला काय बी कळत नसतंय."

सर आधी हसले. मग सगळे. कॅप्टन भिंतीला टेकून हसला. सर हसता हसता म्हणाले, आधी तो ऑपरेटर बदल, प्रोग्रॅम आपोआप सुधारतील. मग तक्ता बाजूला सारून म्हणाले की सवय मोडता येते, पोरगं कष्टाळू आहे, राहू दे यालाच. बॅगवाला उठून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही.

केबिनबाहेर कॅप्टनने पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकला. "भावा, तू असा आहेस हे माहीतच नव्हतं. काय नाव त्या टिंबमामांचं?"

त्या दिवसानंतर 'वर्कशॉप' बंद झालं, मी 'भावा' झालो. पण त्याचा हप्ता रोज भरावा लागायचा. सरावाला बसलो की कॅप्टन विचारायचा, टिंबमामांचं आज काय म्हणणं आहे? आणि मी काहीतरी द्यायचो. मामा फोनवर कसे ओरडून बोलतात, इंग्रजी पाटी कशी वाचतात, केळं खाताना साल कुठे ठेवतात. घरी जेवताना मी त्यांना निरखायचो, उद्याचं साहित्य म्हणून. मामांना वाटायचं मी त्यांचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो, आणि ते आणखी बोलायचे.

एकदा मी अशीच नक्कल करत असताना ती मुलगी उठून बाहेर गेली. पाण्याच्या टाकीपाशी मी तिला गाठलं आणि विचारलं, काय झालं? ती वर्गात शुद्ध बोलायची, चिडली की घरचं बोलणं बाहेर यायचं.

"मला तू टीममधी नको होतास. अजूनबी नकोच हाईस," ती म्हणाली. "पण चूक तू केलीस. टिंब त्यांच्या मशीनवर बरोबरच हाय, तू नको तिथं दिलंस. मग त्या माणसाला कशाला आत ओढलंस?"

मी म्हणालो, गंमत होती. ती म्हणाली, "व्हय, लई गंमत झाली," आणि बाटली भरून निघून गेली. यानंतरही ती माझ्याशी चांगली वागली नाही. मी तिचा राग करत राहिलो. ती बरोबर होती हे तिच्यावरच्या रागाचं कारण होतं, हे कळायला मला वेळ लागला.

पुढच्या फेरीला आम्ही चिंचवड स्टेशनवरून निघालो. मामा पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले. मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, तिघांना पुरेल एवढी. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. जिन्यावरून ते उतरताना दिसले तसा कॅप्टन मोठ्याने म्हणाला, "अरे, हेच का टिंबमामा?"

सगळे हसले. आम्हाला सोडायला आलेली चार-पाच मुलंही हसली, म्हणजे नाव सगळ्यांना माहीत होतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. मामांचा चेहरा हळूहळू फुलला. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "म्हणजे भाच्यानं माझं नाव पार कॉलेजात पोचवलं म्हणा की."

मग त्यांनी कॅप्टनला टिंबाचं महत्त्व समजावून सांगितलं. चाळीस मायक्रॉन, चाळीस मिलिमीटर, तडकलेली काच, सगळं. कॅप्टन मान हलवत होता, चेहरा गंभीर ठेवून. "बरोबर आहे मामा, आम्ही सगळेच आता टिंब देतो." मामांच्या पाठीमागे एक जण खाली बसून हसत होता. मी म्हणालो, मामा, गाडी आली, तुम्ही निघा. गाडीला अजून दहा मिनिटं होती. मामा म्हणाले, मग थांबतो की. आणि गाडी हलेपर्यंत थांबले.

पुढच्या फेरीत आम्ही तळाला राहिलो. त्याचं मला आज काही वाटत नाही. मला नोकरी लागली, आधी हिंजवडीत, नंतर बंगळुरात. कॅप्टन कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि त्याच्या फोटोखाली मी कधीही काही लिहीत नाही. माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही. पण त्याने फक्त नाव ठेवलं. माणूस मी दिला.

मामांनी ते नाव शेडमध्ये स्वतः सांगितलं. नव्या ट्रेनींना ते अजून सांगतात की इंजिनिअरिंगच्या कॉलेजात आपल्याला टिंबमामा म्हणतात. आता निघोजेच्या शेडमध्ये सगळे त्यांना तेच म्हणतात, आणि तिथे ते खरोखर मानाने म्हणतात. म्हणून मी गप्प बसलो. जे खोटं होतं ते आपोआप खरं झालं, आता कशाला उकरायचं, असं मी स्वतःला समजावत होतो.

यंदा मामांच्या मुलीला त्याच कॉलेजात, त्याच शाखेत प्रवेश मिळाला. मामांचा फोन आला. त्यांनी मुलीला बजावलं होतं की तुझ्या दादाच्या सरांना जाऊन भेट आणि सांग, मी टिंबमामांची मुलगी. त्याच आठवड्यात त्या कॉलेजातून आलेला एक मुलगा आमच्या ऑफिसात रुजू झाला. जेवताना तो म्हणाला की सर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक किस्सा सांगतात, एका अडाणी ऑपरेटरचा. पूर्ण वर्ग हसतो. नक्कलसुद्धा करतात.

फोनवर मामा मला बोलू देत नाहीत. जेवलास का विचारतात, तब्येत विचारतात आणि तुझा वेळ घेत नाही म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहिलं. स्पीड पोस्टाने, घरच्या नाही तर शेडच्या पत्त्यावर पाठवलं, म्हणजे ते आधी त्यांच्याच हातात पडेल.

मामा,

नमस्कार आधी लिहायचा असतो. तो शेवटी वाचा, घ्यावासा वाटला तर.

टिंबमामा हे नाव तुम्हाला मानाने दिलेलं नाही. ते तुमची चेष्टा करायला ठेवलेलं नाव आहे, आणि ती चेष्टा मी सुरू केली.

विद्यापीठातल्या स्पर्धेत मी एका आकड्यापुढे टिंब दिलं. तिथे ते द्यायचं नव्हतं. त्यामुळे आमच्या चार चुका झाल्या. तुम्ही शिकवलेलं चुकीचं नव्हतं. तुमच्या मशीनला ते लागतं, माझ्या प्रोग्रॅमच्या भाषेत ते नको असतं, आणि हा फरक बघायचं काम माझं होतं. सरांनी विचारलं तेव्हा माझी जागा जाणार असं मला दिसलं, आणि मी सांगितलं की एका अडाणी ऑपरेटरने मला हे शिकवलं. अडाणी हा शब्द माझा आहे. मग मी तुमचा आवाज काढून दाखवला. सगळे हसले आणि माझी जागा राहिली.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी रोज तुमच्या नकला केल्या. तुमच्या घरात जेवून जायचो आणि तिकडे तुम्ही कसे जेवता ते दाखवायचो. चिंचवड स्टेशनवर ती मुलं हसत होती ती तुम्हाला. तुम्ही हात जोडलेत तेव्हा मला सांगता आलं असतं. मी तुम्हाला निघा म्हणालो, कारण मला तुमची लाज वाटत होती. माझी वाटायला हवी होती.

हे आत्ता सांगतोय ते माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून नाही. सर तो किस्सा अजून वर्गात सांगतात. आपली ताई तुमच्या सांगण्यावरून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, तर तिला सगळ्या वर्गासमोर कळेल. ते तिने तुमच्याकडून किंवा माझ्याकडून ऐकावं, त्यांच्याकडून नको. सरांना मी लिहिलंय की तो ऑपरेटर अडाणी नव्हता, प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवलं, आणि चूक माझी होती. त्यांचं उत्तर नाही. येईल असंही वाटत नाही.

शेडमधली मुलं तुम्हाला या नावाने हाक मारतात ती मनापासून मारतात, एवढं मला माहीत आहे. ते त्यांचं आणि तुमचं आहे. माझ्यामुळे ते बंद करू नका. करावंसं वाटलं तर मी काय बोलणार.

तुम्ही फोन करू नका. फोनवर तुम्ही मला जेवलास का विचाराल, आणि मी जेवलो म्हणेन, आणि हे तसंच राहील. या रविवारी सकाळी पोचणाऱ्या गाडीने मी येतोय. तुम्हाला मला जे बोलायचं ते बोला, मामींसमोर बोला, ताईसमोर बोला. घरात घ्यायचं नसेल तर दार लावून घ्या. मी दार वाजवणार नाही. खाली जिन्यात बसून राहीन, दुपारी तुम्ही गिरणीत दळण घेऊन निघाल तेव्हा पिशवी माझ्याकडे द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

नमस्कार.

तुमचा भाचा